कुणाला सांगायचं, किती सांगायचं आणि कुठल्या शब्दांत: भावाच्या आजाराबद्दल एका बहिणीला उत्तर

बाकीच्या वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहता. तुमचा २६ वर्षांचा भाऊ आठ महिन्यांपूर्वी म्हणायला लागला की शेजारी आपल्या घरात कॅमेरे लावतात. रात्र रात्र जागा राहायचा, एकदा शेजाऱ्यांच्या दारात जाऊन त्याने आरडाओरडाही केला. तीन आठवडे दवाखान्यात होता, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. आता गोळ्या चालू आहेत, झोप नीट आहे, पुढच्या महिन्यात तो एमआयडीसीतल्या कारखान्यात परत कामावर जाणार आहे. आई म्हणते, कुणी विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हण. आत्या म्हणते, बाहेरचं आहे, जाणत्याला दाखवा. नाक्यावरची पोरं त्याला 'येरवड्याहून सुटलेला' म्हणतात. त्यात तुमच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. तुम्ही विचारलंय, लपवायचं की सांगायचं, आणि सांगायचं तर काय शब्द वापरायचे.

लपवायचं की सांगायचं, असे दोनच रस्ते धरले की घर अडकतं. मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून कुटुंबांबरोबर काम करते. अशा वेळी मी घरच्यांना एका कागदावर नावं लिहायला सांगते. ज्यांना माहीत असण्याची गरज आहे ते कोण? ज्यांनी आधीच काहीतरी पाहिलंय किंवा ऐकलंय ते कोण? आणि ज्यांना नुसती उत्सुकता आहे ते कोण? या तिघांना एकच उत्तर देण्याचं काही कारण नाही. मात्र हा कागद भावाला बाजूला ठेवून करू नका. आजार त्याचा आहे, बातमी त्याची आहे. 'मामाला सांगितलं तर चालेल का? काय सांगू?' असं त्याला विचारायचं. तो 'नको' म्हणाला आणि मामाला माहीत असण्याची खरोखर गरज नसेल, तर नको. दवाखान्यावर तर कायद्याचंच बंधन आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. घरावर असं कलम नाही, पण भावाचा विश्वास एकदा उडाला की पुढचं औषधपाणी अवघड होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. पहिली म्हणजे निदान कितपत पक्कं आहे. अमेरिकी पद्धतीत स्किझोफ्रेनिया म्हणायला किमान ६ महिने लक्षणं लागतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १ महिना पुरतो. पहिल्याच वेळी आजारी पडलेल्या माणसाचं निदान पुढे बदललंय असं बऱ्याचदा होतं. डॉक्टरांना थेट विचारा, 'हे नाव आता कायम धरायचं का?' ते 'अजून बघू' म्हणाले तर नातेवाइकांमध्ये आजाराचं नाव अजिबात घेऊ नका. ते उद्या बदललं तरी गावातलं नाव बदलत नाही. दुसरी गोष्ट, भावाला स्वतःला काय वाटतं. आपल्याला आजार होता हे त्याला पटलेलं नसेल, तर तुम्ही बाहेर कितीही नेमके शब्द वापरा, त्याला तो आरोपच वाटणार. तिसरी म्हणजे लोकांनी काय पाहिलंय. तुमच्या बाबतीत शेजाऱ्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांच्यापुरतं लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आधी घरातली भाषा बघू. नाक्यावरच्या पोरांचं नंतर.

हा क्रम मुद्दाम सांगतेय. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ लोकांशी तमिळनाडू, गोवा आणि तुमच्याच सातारा जिल्ह्यात बोलून एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी प्रत्यक्ष वाईट वागवल्याचे अनुभव ४२ टक्के लोकांनी सांगितले. पण 'आपण आता वेगळे पडलो, माणसांत बसत नाही' ही भावना ७९ टक्क्यांनी सांगितली. म्हणजे बाहेरून जेवढं येतं त्याहून जास्त आत साचतं. आणि आत काय साचणार हे बहुतेक घरातल्या बोलण्यावर ठरतं.

दुसरा, जुना अभ्यास लंडनचा, १९७२ सालचा. दवाखान्यातून घरी गेलेल्यांपैकी, ज्या घरांत सतत टीका, तिटकारा किंवा अति काळजी होती तिथे ९ महिन्यांत ५८ टक्के लोकांचा आजार उलटला. ज्या घरांत हे कमी होतं तिथे १६ टक्के. पुढे चंदीगडला याच पद्धतीने पाहिलं तेव्हा असं वातावरण असलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली, ही आपल्याकडची जमेची बाजू. यातून 'घरच्यांमुळे आजार झाला' असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा आहे. आजार झाल्यानंतर तो शांत राहतो की उसळतो, एवढ्यापुरताच याचा संबंध आहे. आणि अति काळजी हीसुद्धा त्यात मोजलेली आहे, हे आईला जरूर सांगा.

आता नेमकी वाक्यं. सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे 'गोळी घेतलीस का?' आई विचारते, तुम्ही विचारता, वडील कामावरून आल्यावर विचारतात. तो जरा चिडला की लगेच, 'आज गोळी घेतली नाहीस वाटतं.' हे शेवटचं वाक्य पूर्ण बंद करा. त्याचा अर्थ असा होतो की आता तुझा राग हा राग नाही, लक्षण आहे. कुठल्याही माणसाला याने वेड लागायची पाळी येईल. त्याऐवजी सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणा, दर रविवारी भावाने स्वतः भरायचा, आणि घरातल्या एकाच माणसाने दिवसातून एकदा कप्पा बघायचा. रिकामा असेल तर काही बोलायचं नाही. भरलेला असेल तर 'कालची राहिली का?' एवढंच.

दुसरं वाक्य 'आळशी झालाय'. या आजारात उत्साह आटणं, कमी बोलणं, चेहऱ्यावर भाव न दिसणं ही लक्षणंच आहेत, आणि काही औषधांनी सुस्तीही येते. भास आणि संशय गोळ्यांनी लवकर ओसरतात, ही लक्षणं मागे रेंगाळतात. घरच्यांना वाटतं, आजार गेला आणि आता हा नाटकं करतोय. त्याला 'ऊठ की, किती लोळशील' म्हणण्याऐवजी वेळ आणि काम दोन्ही नेमकं सांगा: 'साडेसातला डेअरीत दूध घालून येशील का?' एका वेळी एकच काम, आणि ते झाल्यावर भाषण नको. सुस्ती खूपच असेल तर ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. गोळीची वेळ किंवा मात्रा ते बदलू शकतात, तुम्ही बदलायची नाही.

तिसरी जागा म्हणजे संशयाचं बोलणं पुन्हा निघालं तर. 'डोकं फिरलंय तुझं, कुठे आहे कॅमेरा, दाखव' हे जसं चालत नाही, तसं 'हो हो, आहे कॅमेरा, आपण काढून टाकू' हेही चालत नाही. पहिल्याने तो तुमच्याशी बोलणं बंद करेल, दुसऱ्याने संशयाला घरातूनच साक्षीदार मिळेल. असं म्हणता येतं: 'मला कॅमेरा दिसत नाही. पण तू घाबरलायस हे दिसतंय. काल झोप झाली का?' झोपेचा प्रश्न उगाच नाही. आजार उलटण्याआधी बहुतेकांची झोप आधी बिघडते, आणि दोन-तीन रात्री सलग गेल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा असतो.

दवाखान्यात गेल्यावर आई डॉक्टरांना 'हा काही करत नाही, हा ऐकत नाही' असं त्याच्यासमोर सांगत असेल. जवळजवळ सगळेच सांगतात. आधी त्याला बोलू द्या, मग 'मी काही सांगू का?' असं त्याला विचारून सांगा.

आणि एक वाक्य घरात कधीही, कुणाच्याही तोंडून यायला नको: 'तुझ्यामुळे हिचं लग्न अडलंय.' तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण जिथे स्थळं चालू असतात तिथे कधीतरी ते कुणीतरी बोलून जातं. पहिल्या आजारातून सावरल्यानंतरचं वर्ष नाजूक असतं. भास गेलेले असतात आणि आपलं काय झालं होतं हे माणसाला स्वच्छ कळायला लागलेलं असतं, त्यामुळे लाज आणि निराशा याच काळात वाढते. तो 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही म्हणाला तर विषय टाळू नका. 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आलं तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलिसांची भीती मनात ठेवू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा धरणाऱ्या दंड संहितेच्या जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलम उरलेलं नाही.

आता बाहेर काय सांगायचं ते. आईचा टायफॉइड मला समजतो, पण तो टिकत नाही. टायफॉइड महिन्याभरात संपतो, गोळ्या मात्र वर्षभर आणि बहुधा त्याहून जास्त चालतील. मग काकू विचारणार, 'अजून गोळ्या कसल्या?' त्यावर दुसरं काहीतरी रचावं लागतं. तुम्ही एक सांगता, वडील दुसरं, आणि भावाला दोन्ही लक्षात ठेवावं लागतं. आपला आजार खोटं बोलण्याइतका वाईट आहे, हे मात्र त्याला कुणीही न सांगता कळतं.

'टेन्शनमुळे झालं' हेही सोपं वाटतं आणि उलटतं. लगेच शोध सुरू होतो: कसलं टेन्शन? पोरगी होती का? आईने लाडावून ठेवला का? कारखान्यात काही झालं का? आणि सहा महिन्यांनी तेच लोक म्हणतात, 'आता टेन्शन गेलं ना, मग गोळ्या बंद करा.' 'मेंदूतल्या केमिकलचा दोष' हे उत्तर शहरात लोकप्रिय आहे. त्याने 'त्याचा किंवा आईचा काही दोष नाही' हे पटतं, औषध का हवं तेही पटतं. पण जर्मनीसह अनेक देशांत तपासल्यावर असं दिसलंय की निव्वळ मेंदूचा बिघाड म्हणून सांगितलं तर लोक माणसाला स्वीकारतातच असं नाही, उलट 'हा मुळातच वेगळा' म्हणून लांब राहण्याकडे कल होतो. म्हणून कारणाच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत. कारणं अनेक असतात आणि ती गल्लीत उभं राहून सांगण्यासारखी नसतात.

मी घरच्यांना तीन भागांचं उत्तर बसवायला सांगते. काय झालं होतं, आता काय चालू आहे, आणि समोरच्याकडून काय हवंय. शेजाऱ्यांसाठी, समजा: 'काका, त्या वेळी त्याला आजारामुळे संशय येत होते, तुम्हाला त्रास झाला. उपचार चालू आहेत, आता झोप-जेवण व्यवस्थित आहे. तो भेटला की पूर्वीसारखं बोला, त्या दिवसाचा विषय तेवढा काढू नका.' यात आजाराचं नाव नाही, खोटंही काही नाही, आणि तिसरा भाग सगळ्यात उपयोगी आहे. लोक बऱ्याचदा वाईट वागतात ते कसं वागायचं हे न कळल्यामुळे. त्यांना एक साधं काम दिलं की बहुतेक जण ते करतात. 'बरा झालाय का पूर्ण?' असं विचारलं तर 'पूर्ण' या शब्दात अडकू नका. 'सध्या तब्येत चांगली आहे' पुरे. नुसत्या उत्सुकतेने विचारणाऱ्यांना फक्त मधला भाग: 'तब्येत बरी नव्हती, उपचार घेतोय, आता छान आहे. तुमच्याकडे ऊस गेला का?' विषय बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे.

उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकच द्यायचं. ते एकदा मोठ्याने बोलून बघा, विशेषतः आईने. कागदावर सोपं वाटतं, पण वाण्याच्या दुकानात चार बायकांसमोर आवाज फुटत नाही.

स्किझोफ्रेनिया हा शब्द कुठे वापरायचा? डॉक्टर, विमा, कागदपत्रं, आणि ज्यांना खरोखर समजून घ्यायचंय असे जवळचे एक-दोन लोक. त्याचा मराठी प्रतिशब्द 'छिन्नमनस्कता' बोलण्यात नको. ऐकणाऱ्याला वाटतं, एका माणसात दोन माणसं असतात, आणि तसं या आजारात नसतं. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आजारी व्यक्तीला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. गटात हे शब्द माया लावतात, बाहेर मात्र समजावून सांगावे लागतात. भावाबद्दल बोलताना सर्वांत बरं त्याचं नाव. 'आमचा पेशंट' हे मी घराघरांत ऐकते, आणि ते 'वेडा' पेक्षा फार चांगलं नाही.

आत्यांशी भांडू नका. 'तुम्ही अडाणी आहात' म्हटलं की त्या भावाला गुपचूप घेऊन जातील आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यांना अटी घाला: देवाला जायचं तर जाऊ, अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी एक दिवसही बंद होणार नाही, उपास घडवायचा नाही, धुरी द्यायची नाही, मारायचं-बांधायचं नाही, आणि जाताना घरातला एक माणूस बरोबर असेल. गुजरातमधल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर मुजावर स्वतःच लोकांना तिथल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. श्रद्धा आणि औषध एकत्र चालू शकतं. कुणी भूत उतरवायचं म्हणून दोरीने बांधलं, मारहाण केली, चटके दिले तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि ५ हजार ते ५० हजार दंड. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खाजगी आश्रमात आग लागली तेव्हा २८ माणसं गेली, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. ती सगळी तिथल्या दर्ग्यात बरं वाटेल या आशेने आणलेली होती. आत्यांना कायद्याचं कलम सांगून उपयोग नाही, ही घटना सांगा.

आता तुमच्या लग्नाचं. भावाच्या आजारामुळे तुमच्या लग्नाला कायद्याने काहीही बाध येत नाही आणि ते सांगितलं नाही म्हणून तुमचं लग्न मोडण्याचं कायदेशीर कारणही सहसा होत नाही. तरी मी सांगा म्हणते, कारण पुढची चाळीस वर्षं राखीपौर्णिमेला खोटं बोलायचं नसेल तर ते आधीच होऊन गेलेलं बरं. कधी, हे महत्त्वाचं. बायोडेटात नको, कांदेपोह्यांच्या दिवशी नको, मध्यस्थामार्फत तर मुळीच नको. दोन्हीकडून होकाराचा कल दिसला की, सुपारी फुटण्याआधी, तुम्ही स्वतः मुलाला सांगायचं: 'माझ्या भावाला मानसिक आजार झाला होता. नियमित औषध घेतो, कामावर जातो. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.' भावाला आधी कल्पना देऊनच.

ते विचारणार, घराण्यात आहे का, मुलांना होईल का. आकडे हाताशी ठेवा. सर्वसाधारण माणसाला हा आजार आयुष्यात होण्याची शक्यता साधारण १ टक्का धरतात. मामा, काका, आत्या किंवा मावशीपैकी कुणाला असेल तर भाच्या-पुतण्यांना ती ३-४ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे तुमच्या मुलांना तो होणार नाही याची शक्यता शंभरात ९६ च्या आसपास. 'आमच्या घराण्यात नाही हो असलं' म्हणणाऱ्यांनाही एक आकडा: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांत, १८ वर्षांवरच्या लोकांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी उपचार लागावेत असा कुठला ना कुठला मानसिक आजार होता. ज्या घरात कुणालाच काही नाही ते घर शोधायला वेळ लागेल. एवढं सांगूनही एखादं स्थळ मोडेल. मोडतात. ते साखरपुड्यानंतर मोडण्यापेक्षा आधी मोडलेलं परवडतं.

पुढे भावाच्या लग्नाचा विषय निघेल तेव्हा नियम कडक आहे: समोरच्या मुलीला आजाराचं नाव, गोळ्या आणि डॉक्टर सगळं लग्नाआधी माहीत हवं. लपवलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणूक म्हणून लग्न रद्द होऊ शकतं, कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करता येतो. सांगून केलं तर नुसत्या निदानावर घटस्फोट मिळत नाही. आजार एवढा तीव्र हवा की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच खटल्यात म्हटलंय. पण कायद्याआधीच वैद्यकीय अडचण येते. लपवून लग्न झालं की पहिल्या रात्रीपासून गोळ्या लपवाव्या लागतात, म्हणजे बंदच होतात. त्यात हळद, लग्न, जागरण गोंधळ, सगळी जागरणं. लग्नानंतर आजार उलटलेल्यांच्या घरी विचारलं की ही दोन कारणं सर्रास निघतात, आणि मग नव्या सुनेला म्हणतात, हिच्या पायगुणाने झालं.

कामाच्या ठिकाणी निदान सांगणं सहसा सक्तीचं नसतं. व्यवस्थापनाला हवा असतो फिटनेस दाखला. डॉक्टरांना सांगा, त्यात आजाराचं नाव न घालता 'कामावर रुजू होण्यास योग्य. पुढील ३ महिने रात्रपाळी टाळावी' असं त्यांनी लिहून द्यावं. रात्रपाळी टाळणं खरंच गरजेचं आहे, झोपेचं वर सांगितलंच. गोळ्यांनी झोप येत असेल आणि प्रेस किंवा फोर्कलिफ्टवर काम असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण इथे लपवणं धोक्याचं आहे.

मात्र काही ठिकाणी नाव लिहावंच लागतं, तिथे नफा-तोटा बघून ठरवा. भावाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल आणि नोकरी सलग दोन वर्षांची असेल, तर दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. वाढीव आजारपण लाभात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी दाखल्यावर निदान येणार, पण तो कागद ईएसआयच्या दवाखान्याकडे आणि कार्यालयाकडे जातो, सुपरवायझरकडे जायची गरज नाही. खाजगी आरोग्यविमा काढताना लपवू नका. शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणं २०१७ च्या कायद्याच्या कलम २१(४) ने बंधनकारक आहे, पण आधीचा आजार लपवला तर पुढचा कुठलाही दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. दिव्यांगत्वाचा दाखला काढायची मात्र आत्ता घाई नको. तो ४० टक्क्यांवर असला तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणापर्यंत उपयोगी आहे, पण कामावर परत निघालेल्या मुलाला आठव्या महिन्यात 'दिव्यांग' म्हणून रांगेत उभं करणं मला घाईचं वाटतं. वर्ष-दोन वर्षांत काम जमत नाही असं दिसलं तर तेव्हा.

नाक्यावरची पोरं. 'येडा' आपल्याकडे दिवसातून शंभरदा म्हणतात, प्रेमानेही म्हणतात. त्या प्रत्येक शब्दावर तुटून पडलात तर तुम्हीच थकाल. भावाला उद्देशून, त्याला ऐकू जाईल असं बोलतात तिथे थांबवायचं. सगळ्या टोळक्याशी एकदम बोलू नका, एकमेकांसमोर ती माघार घेणार नाहीत. त्यांच्यातला ज्याचा शब्द चालतो तो एकटा गाठा, शक्यतो भावाच्या शाळेतल्या मित्राकरवी: 'त्याला नावाने हाक मार. तो क्रिकेटला येतो म्हणाला तर घ्या.' एकत्र खेळण्याने, एकत्र काम करण्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही व्याख्यानाने पडत नाही, आणि जगभरच्या अभ्यासांतही सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच निघालाय. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी त्याचा व्हिडिओ टाकला असेल तर अॅडमिनला फोन करून काढायला लावा, ग्रुपवर वाद घालू नका. उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे २०१७ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे; स्थानिक वार्ताहर 'मनोरुग्ण तरुणाचा धुमाकूळ' वगैरे लिहायला निघाला तर हे वाक्य त्याला ऐकवा.

आईबद्दल शेवटी लिहितेय, पण ती या सगळ्यात सर्वांत एकटी आहे. तमिळनाडू, गोवा आणि साताऱ्याच्या त्याच अभ्यासात काळजी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना आजाराबद्दल बाहेर बोलणं अवघड वाटत होतं. टायफॉइडची गोष्ट रचणारी आई स्वतः भिशीला, हळदीकुंकवाला जाणं बंद करते, कारण तिथे विचारतील. तिला ज्याच्याशी सगळं खरं बोलता येईल असा घराबाहेरचा एक तरी माणूस हवा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबांसाठी काम करते. गावातून जाणं जमत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून. तो नंबर फक्त आजारी माणसासाठी आहे असं समजू नका, आईनेही लावावा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे समुपदेशनाबरोबर गोळ्याही मोफत मिळतात.

पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे जाताना भावाला घेऊन तीन गोष्टी विचारून या: निदान कायम आहे का, गोळ्या साधारण किती काळ चालतील, आणि आजार उलटायला लागला तर त्याच्या बाबतीत पहिलं काय दिसेल. फिटनेस दाखल्याचा मजकूर त्याच भेटीत सांगा. शेजारच्या काकांना तुम्ही काय सांगणार ते त्याआधी भावाला वाचून दाखवा. त्याला एखादा शब्द बदलायचा असेल तर त्याचा शब्द ठेवा.